क्ष-किरण तंत्रज्ञाचा राज्य परवाना आणि राष्ट्रीय नोंदणी: नूतनीकरणाच्या दोन वेगळ्या तारखा

अबोली

नमस्कार. मी कॅलिफोर्नियात रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून काम करते. साताऱ्याहून इथे आल्यावर एका कम्युनिटी कॉलेजात अभ्यासक्रम पूर्ण केला, २०१३ साली राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झाले आणि तेव्हापासून याच व्यवसायात आहे. या क्षेत्रात आता बऱ्याच मराठी मुली आणि मुलगे येऊ लागले आहेत. गेल्या महिन्यात त्यांच्यापैकी दोघींनी मला एकच प्रश्न विचारला: "एआरआरटीचे पैसे भरले, म्हणजे परवान्याचे नूतनीकरण झाले ना?" तसे होत नाही. मीही एकदा असाच समज करून घेतला होता आणि त्यापायी १९ दिवस बिनपगारी घरी बसले होते, म्हणून हा धागा काढते आहे.

आधी या दोन गोष्टी वेगळ्या करून सांगते. एआरआरटी, म्हणजे अमेरिकन रजिस्ट्री ऑफ रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजिस्ट्स, ही मिनेसोटातील सेंट पॉल इथली, १९२२ सालापासून काम करणारी संस्था आहे. ती परीक्षा घेते, नोंदणी ठेवते आणि नावापुढे आर. टी. ही अक्षरे लावण्याचा हक्क देते. ही संस्था सरकारी नाही. माणसाच्या अंगावर क्ष-किरण सोडण्याची कायदेशीर परवानगी राज्य देते, आणि कॅलिफोर्नियात ते काम सार्वजनिक आरोग्य विभागाची रेडिओलॉजिक हेल्थ ब्रँच करते. तिच्या प्रमाणपत्राला आम्ही बोलताना सीआरटी म्हणतो. नवीन माणसाला परवाना देताना राज्य एआरआरटीच्या परीक्षेचा निकाल मान्य करते, त्यामुळे सुरुवातीला दोन्ही कागद हातात हात घालून येतात आणि ते एकच आहेत असे वाटू लागते. पुढे प्रत्येकाची मुदत आपापल्या चालीने चालते.

एआरआरटीचे नूतनीकरण दर वर्षी आपल्या जन्ममहिन्यात होते आणि दर दोन वर्षांनी निरंतर शिक्षणाच्या २४ क्रेडिटांचा, म्हणजे सीईचा, हिशेब द्यावा लागतो. ती दोन वर्षे जन्ममहिन्याच्या १ तारखेला सुरू होतात आणि जन्ममहिन्याच्या आधीच्या महिन्याच्या अखेरीस संपतात. कॅलिफोर्नियाचे प्रमाणपत्रही दोन वर्षांचेच असते आणि सीईही २४च लागतात, पण ते प्रमाणपत्र संपण्याच्या तारखेपासून मागे मोजलेल्या दोन वर्षांत मिळवलेले असावे लागतात. शिवाय त्या २४ पैकी ४ क्रेडिटे डिजिटल रेडिओग्राफीची हवी असतात. घोटाळा इथे होतो, कारण आकडा सारखा असला तरी तो मोजायचा काळ सारखा नसतो.

माझे उदाहरण आकड्यांनिशी देते. माझा जन्म ऑक्टोबरचा, त्यामुळे एआरआरटीची माझी दोन वर्षे १ ऑक्टोबर २०२० ते ३० सप्टेंबर २०२२ अशी होती. राज्याचे प्रमाणपत्र ३१ मार्च २०२३ रोजी संपणार होते, म्हणजे राज्याच्या दृष्टीने माझी दोन वर्षे एप्रिल २०२१ पासून सुरू झाली होती. मी २०२० सालच्या डिसेंबरपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत ९ क्रेडिटे केली आणि उरलेली १५ त्यानंतरच्या दीड वर्षात केली. एआरआरटीसाठी २४ पूर्ण झाली, मी शुल्क भरले, नवे कार्ड उतरवून घेतले आणि निश्चिंत झाले. राज्याच्या हिशेबात मात्र पहिली ९ क्रेडिटे मुदतीच्या बाहेरची होती. माझ्याकडे १५च उरत होती आणि त्यांतही डिजिटलची फक्त २ होती.

हे मला वेळेवर कळलेही नाही, कारण मधल्या काळात आम्ही घर बदलले होते. पत्ता एआरआरटीकडे बदलला, बँकेकडे बदलला, राज्याकडे बदलायचा राहून गेला. स्मरणपत्र जुन्या घरी गेले असणार. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या विभागात सर्वांच्या कागदपत्रांची तपासणी झाली, तेव्हा राज्याच्या संकेतस्थळावर माझ्या नावापुढे मुदत संपल्याचे दिसले. मी तेव्हा एका आजोबांच्या नितंबाच्या सांध्याचा फोटो काढण्याच्या तयारीत होते. मला बाहेर बोलावून घेतले, तो फोटो सहकाऱ्याने काढला आणि मी पिशवी उचलून घरी गेले. त्या दिवशी मला पगारापेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीने जास्त त्रास दिला. मुदत संपल्यापासून त्या सकाळपर्यंत मी जेवढ्या रुग्णांचे फोटो काढले होते, ते सगळे मी परवाना नसताना काढले होते.

राहिलेली क्रेडिटे पूर्ण करणे, अर्ज भरणे आणि नवे प्रमाणपत्र येणे यात १९ दिवस गेले. त्यानंतर मी दोन सवयी लावून घेतल्या. एका वहीत प्रत्येक क्रेडिटासमोर ते पूर्ण केल्याची तारीख लिहिते आणि पुढे दोन रकाने आखते, एक राज्याचा आणि एक एआरआरटीचा. दुसरी सवय अशी की, दोन्ही मुदती एकमेकींवर येतात तो काळ मी शोधते आणि शक्य तेवढी क्रेडिटे त्याच काळात करते, म्हणजे एकच अभ्यास दोन्हीकडे धरता येतो. माझ्या उदाहरणात हा सामायिक काळ एप्रिल २०२१ ते सप्टेंबर २०२२ असा तब्बल १८ महिन्यांचा होता. चोवीसच्या चोवीस त्यात सहज मावली असती.

इतर राज्यांतल्या मंडळींनी आपापल्याकडचे नियम आणि अनुभव लिहावेत, ही विनंती.

कोयनाकाठ

अबोलीताई, अतिशय उपयुक्त लिहिले आहे. मी ह्यूस्टनला आहे. टेक्सासमध्ये आमचे प्रमाणपत्र टेक्सास मेडिकल बोर्डाच्या अखत्यारीत येते आणि बोलताना आम्ही त्याला एमआरटी म्हणतो. इथेही नूतनीकरण दोन वर्षांनी होते आणि २४ तासांचे शिक्षण लागते, पण एआरआरटीची नोंदणी चालू असेल तर ती अट पूर्ण झाली असे बोर्ड मानते. त्यामुळे तुमच्यासारखा दोन मुदतींचा गुंता आमच्याकडे सहसा होत नाही.

आमच्याकडची अडचण वेगळी आहे. मानवी तस्करी कशी ओळखावी आणि ओळखल्यावर काय करावे, याचा राज्याने मान्य केलेला अभ्यासक्रम नूतनीकरणाच्या वेळी पूर्ण केलेला असावा लागतो. २०१९ साली झालेल्या कायद्याने रुग्णांची थेट सेवा करणाऱ्या अनेक व्यवसायांना ही अट लागू झाली. एआरआरटी चालू आहे म्हणून सगळे झाले असे समजून बसणाऱ्यांचा अर्ज नेमका इथे अडकतो. पहिल्यांदा तो अभ्यासक्रम केला, तेव्हा हे आपले काम नव्हे असे मला वाटले होते. नंतर लक्षात आले की, रात्रीच्या पाळीत मनगट मोडलेली एखादी बाई येते, तिच्याऐवजी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर सोबतचा माणूस देतो, आणि क्ष-किरणाच्या खोलीत मात्र त्याला दाराबाहेर थांबावे लागते. त्या चार मिनिटांत तिच्याजवळ एकटा मीच असतो.

शेवंती

मी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी करते, त्यामुळे मला तिसरी मुदतही सांभाळावी लागते. मॅमोग्राफीसाठी १९९२ सालचा संघराज्याचा कायदा आहे, ज्याला सगळे एमक्यूएसए म्हणतात. त्यानुसार ३६ महिन्यांत मॅमोग्राफीची १५ सीई क्रेडिटे आणि २४ महिन्यांत किमान २०० मॅमोग्राम, अशा दोन अटी आहेत. कॅलिफोर्नियाला पुन्हा आपल्या दोन वर्षांत मॅमोग्राफीची १० क्रेडिटे हवी असतात. म्हणजे एआरआरटीची मुदत जन्ममहिन्याची, राज्याची प्रमाणपत्रावरची, आणि एमक्यूएसएची मागे मोजत जाणारी. ही तिसरी बहुतेकींच्या ध्यानात राहत नाही, कारण तिचे स्मरणपत्र घरी येत नाही. दर वर्षी केंद्राची तपासणी होते, तेव्हा निरीक्षक कागद मागतात आणि त्या वेळी ते समोर ठेवता यावे लागतात.

बाळंतपणाच्या रजेवर जाणाऱ्या मुलींसाठी मुद्दाम लिहिते. माझ्या दुसऱ्या बाळाच्या वेळी रजा लांबली, परत आल्यावर काही महिने अर्धवेळ काम केले आणि २०० चा आकडा चुकला. असे झाले म्हणून पात्रता कायमची जात नाही. पात्र तंत्रज्ञाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली किमान २५ मॅमोग्राम केले की पुन्हा स्वतंत्रपणे काम करता येते. पण तोवर एकटीने एकही फोटो काढता येत नाही, आणि त्या २५ तपासण्यांसाठी दुसरीचा वेळ मागावा लागतो. रजेवर जाण्याआधीच आपला आकडा काढून ठेवला, तर परत आल्यावर वरिष्ठांशी बोलणे सोपे जाते.

उत्तरा

शिकागोहून लिहिते आहे. आमच्याकडे परवाना हा शब्दच नाही. इलिनॉयमध्ये त्याला अॅक्रेडिटेशन म्हणतात आणि ते राज्याची आपत्ती व्यवस्थापन संस्था देते. नवीन आलेल्यांना आपण चुकीच्या संकेतस्थळावर आलो असे वाटते, पण ते बरोबर असते. पूर्वी राज्यात अणुसुरक्षेचा स्वतंत्र विभाग होता, तो २००३ साली आपत्ती व्यवस्थापनात विलीन झाला आणि त्याच्याबरोबर आम्हीही तिकडे गेलो. न्यू जर्सीत हेच काम पर्यावरण संरक्षण विभाग करतो. माझी नणंद एडिसनला आहे. तिने पहिल्यांदा अर्ज केला, तेव्हा आरोग्य खात्याच्या पानांवर तासभर शोधत बसली होती.

प्रत्येक राज्यात निराळी तऱ्हा का, याचे कारण इतिहासात आहे. किरणोत्सारी पदार्थांवर संघराज्याचा अणुऊर्जा कायदा चालतो, पण क्ष-किरणांचे यंत्र विजेवर चालते, त्यात किरणोत्सारी पदार्थ नसतो, त्यामुळे ते चालवणाऱ्या माणसाचे नियमन राज्यांकडेच राहिले. १९८१ साली अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, या व्यवसायासाठी किमान शिक्षणाचे आणि पात्रतेचे मानदंड ठरवणारा कायदा केला, पण जी राज्ये ते मानदंड स्वीकारणार नाहीत त्यांच्यासाठी कोणताही दंड ठेवला नाही. म्हणून आजही आयडाहो आणि अलास्कासारख्या राज्यांत राज्याचा परवाना लागत नाही. तिथे रुग्णालय एआरआरटी मागते आणि तेवढ्यावर काम चालते. अशा राज्यातून इलिनॉयमध्ये बदली होऊन आलेल्या एका सहकाऱ्याला रुजू होण्याच्या आदल्या दिवशी कळले की, इथे राज्याचा वेगळा कागद लागतो.

दगडफूल

एका मुद्द्यावर माझा मतभेद नोंदवतो. अबोलीताईंनी सगळा दोष स्वतःकडे घेतला आहे, तो मला पटत नाही. मोठ्या रुग्णालयांत कागदपत्रांवर देखरेख करणारी माणसे पगारावर असतात. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या परवान्याची तारीख त्यांच्या संगणकात असते. परवाना संपलेल्या तंत्रज्ञाला दोन आठवडे काम करू देणे ही संस्थेचीही चूक नाही का? १९ दिवसांचा पगार मात्र एकट्या कर्मचाऱ्याचा गेला.

अबोली

दगडफूल, तुमचा मुद्दा योग्य आहे आणि मी तो त्या वेळी विभागप्रमुखांपुढे मांडलाही होता. त्यानंतर आमच्याकडे मुदतीच्या ९० दिवस आधी संदेश येऊ लागला. तरीही मी माझ्या मतावर ठाम आहे, आणि त्याचे कारण अर्जाच्या शेवटी असलेली सही. मी इतकी क्रेडिटे या काळात पूर्ण केली आहेत, असे त्या सहीने मी राज्याला लिहून देते. ते संस्थेला माझ्या वतीने लिहून देता येत नाही. एआरआरटीही काही जणांची निवड करून कागद तपासायला मागवते आणि तेव्हा प्रमाणपत्रे माझ्याकडून मागितली जातात. नोकऱ्या बदलतात, जुन्या रुग्णालयाच्या संगणकात केलेले अभ्यास नोकरी सोडल्यावर दिसेनासे होतात, आणि तीन वर्षांपूर्वीचा कागद नेमका तेव्हाच लागतो. त्यामुळे प्रत्येक प्रमाणपत्र त्याच दिवशी आपल्याकडे उतरवून ठेवावे, एवढे तरी आपल्याच हातात असू द्यावे.

कोयनाकाठ

याला जोडून एक गोष्ट. एआरआरटीच्या मुदतीत २४ क्रेडिटे झाली नाहीत तर नोंदणी लगेच रद्द होत नाही, सहा महिने परिवीक्षेची सवलत मिळते आणि त्यासाठी वेगळे शुल्क भरावे लागते. पण ही परिवीक्षा नोंदणीवर दिसते आणि नोकरी देणारा ती पाहू शकतो. आणखी एक खबरदारी म्हणजे, एकच अभ्यासक्रम एका मुदतीत दोनदा करून दोनदा धरता येत नाही. प्रत्येक अभ्यासक्रमाला संदर्भ क्रमांक असतो, तो वहीत लिहिलात तर ही चूक होत नाही.

प्राजक्त

मी पुण्यात एका रुग्णालयात सीटी आणि क्ष-किरण विभागात काम करतो. पदविका करून ९ वर्षे झाली. हा धागा वाचताना वाटले की, आमच्याकडे यंत्राची नोंद फार काटेकोर आहे, पण यंत्र चालवणाऱ्या माणसाच्या शिक्षणाचा असा दर दोन वर्षांनी हिशेब मागितला जात नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा प्रणालीवर यंत्राचा परवाना असतो, किरणोत्सार सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो आणि आम्हाला दर तीन महिन्यांनी टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेले किरण मोजणारा बिल्ला, बदलून मिळतो. किरणांच्या मात्रेची मर्यादा तर आमच्याकडे अमेरिकेपेक्षा कडक आहे. पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (हे मात्रा मोजण्याचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. तिकडे वर्षाला ५० आहे, असे वाचले आहे. व्यक्तीच्या नोंदणीसाठी महाराष्ट्रात परावैद्यक परिषदेचा कायदा झाला आहे आणि संसदेने २०२१ साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, ज्यात आमचा व्यवसाय नाव घेऊन समाविष्ट आहे. त्यातून पुढे निरंतर शिक्षणाची व्यवस्था उभी राहावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दोन प्रश्न आहेत. भारतातल्या पदविकेवर तिकडची परीक्षा देता येते का? आणि ही सीई क्रेडिटे प्रत्यक्षात काही शिकवतात, की फक्त कागद पुरा करायचा असतो?

उत्तरा

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. भारतातल्या पदविकेवर थेट परीक्षेला बसता येत नाही. एआरआरटीने मान्य केलेल्या शैक्षणिक कार्यक्रमातूनच यावे लागते, आणि २०१५ पासून त्यासोबत किमान असोसिएट, म्हणजे दोन वर्षांची महाविद्यालयीन पदवीही लागते. आधी केलेल्या शिक्षणाची काही सूट द्यायची की नाही, हे तो कार्यक्रम चालवणारे महाविद्यालय ठरवते. माझ्या वर्गात नाशिकहून आलेला, तिथे सहा वर्षे काम केलेला एक मुलगा होता. त्याला फोटोसाठी रुग्णाचा हात कसा ठेवायचा इथपासून पुन्हा ते शिकावे लागले. त्याने ते मनापासून केले, पण ते सोपे नव्हते. इकडे येण्याचा विचार करणाऱ्याने हा दोन वर्षांचा काळ आणि त्याचा खर्च आधी हिशेबात धरावा.

अबोली

प्राजक्त, दुसऱ्या प्रश्नावर मला सविस्तर लिहायचे आहे. ५० ते ६० मिनिटांच्या अभ्यासाला एक क्रेडिट मिळते. घरबसल्या एखादा लेख वाचून शेवटची प्रश्नावली सोडवली तरी ते मिळते. शेवटच्या आठवड्यात २४ क्रेडिटे भराभर उरकणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला त्याचे वाईट वाटते, कारण याच तासांनी माझ्या कामात खरा बदल घडवला आहे.

डिजिटलच्या ४ क्रेडिटांचेच पाहा. फिल्मच्या काळात मात्रा जास्त झाली की फिल्म काळी पडायची आणि चूक सर्वांना दिसायची. डिजिटलमध्ये संगणक प्रतिमा सावरून घेतो, त्यामुळे जास्त मात्रेचा फोटो दिसायला सुंदरच दिसतो, उलट कमी मात्रेच्या फोटोत दाणे दिसतात आणि डॉक्टर तक्रार करतात. साहजिकच तंत्रज्ञाचा हात वरच्या बाजूला सरकत जातो आणि रुग्णाला विनाकारण जास्त किरण मिळतात. हे टाळायचे तर प्रत्येक फोटोनंतर एक्स्पोजर इंडेक्सचा, म्हणजे संवेदकापर्यंत किती किरण पोहोचले ते दाखवणारा, आकडा पाहावा लागतो. मी तो पाहायला लागले ते अशाच एका तासाच्या अभ्यासानंतर. त्यानंतर मी आमच्या विभागातल्या छातीच्या फोटोंचे आकडे महिनाभर टिपले आणि लहान मुलांसाठीची यंत्रातली आधीपासून भरलेली मूल्ये भौतिकशास्त्रज्ञांकडून तपासून घेतली.

सीटीबाबतही तेच. याच राज्यात मेंदूच्या सीटी तपासण्यांत रुग्णांना ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त मात्रा गेल्याचे २००९ साली उघडकीला आले. काहींचे केस गळाले तेव्हा शंका आली होती. त्यानंतर २०१० साली कायदा झाला आणि जुलै २०१२ पासून सीटीची मात्रा रुग्णाच्या अहवालात नोंदवणे बंधनकारक झाले. पडद्यावर दिसणारा तो आकडा ज्याला वाचता येत नाही, त्याने तो नुसता नोंदवून काय होणार?

आणि एक उदाहरण, जे मला स्वतःला पचवायला जड गेले. आम्हाला शिकवले होते की, कंबरेचा फोटो काढताना प्रत्येक मुलाच्या जननेंद्रियांवर शिशाचे आवरण ठेवायचेच. २०१९ साली अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने ही पद्धत नेहमीसाठी वापरू नये अशी भूमिका घेतली आणि २०२१ साली राष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण परिषदेनेही तशीच शिफारस केली. कारण असे की, आजच्या यंत्रांत मात्रा पूर्वीपेक्षा खूप कमी असते, आवरण जरा सरकले तर पाहायचे हाडच झाकले जाते आणि फोटो पुन्हा काढावा लागतो, आणि मात्रा आपोआप ठरवणाऱ्या संवेदकावर आवरण आले तर यंत्र किरण वाढवते. मी हे सगळे सीईच्या अभ्यासातच शिकले. ज्या आईला मी पाच वर्षांपूर्वी आवरण ठेवणे किती आवश्यक आहे ते सांगितले होते, तिच्याच दुसऱ्या मुलाच्या वेळी ते का ठेवत नाही हे मला समजावून सांगावे लागले. अभ्यास नसता तर मला तिच्याशी नीट बोलता आले नसते.

प्राजक्त

मनःपूर्वक आभार. आमच्याकडे आवरण ठेवण्याची पद्धत आजही आहे आणि पालकही ते मागतात. संवेदकाचा मुद्दा मी उद्याच आमच्या सुरक्षा अधिकाऱ्यांसमोर मांडतो.

शेवंती

ज्यांनी १ जानेवारी २०११ रोजी किंवा त्यानंतर एआरआरटीची पात्रता मिळवली आहे, त्यांच्यासाठी आणखी एक मुदत आहे, ती इथे लिहून ठेवते. त्यांची पात्रता १० वर्षांची असते आणि ती टिकवण्यासाठी सीक्यूआर नावाची प्रक्रिया करावी लागते. आधी आपण प्रत्यक्षात कोणते काम करतो याची माहिती भरायची, मग एक स्वयंमूल्यांकन द्यायचे, आणि त्यात जिथे कमी पडलो त्या विषयांची क्रेडिटे पूर्ण करायची. मूल्यांकनात नापास होणे नसते. यासाठी शेवटची तीन वर्षे हातात असतात, आणि ही नेमून दिलेली क्रेडिटे आपल्या नेहमीच्या २४ मध्येही धरता येतात. त्यामुळे मूल्यांकन लवकर देऊन टाकले तर पुढची क्रेडिटे त्यानुसार निवडता येतात. अबोली, तुमचे २०१३ चे असल्याने तुम्ही यातून गेला असणार.

अबोली

हो, २०२२ मध्ये केले. मला किरणोत्सार संरक्षणाची आणि रुग्णसेवेची क्रेडिटे नेमून मिळाली. मूल्यांकन रात्रपाळीनंतर देऊ नका, एवढेच सांगते. तेव्हा थकलेल्या डोक्याने उत्तरे दिली आणि नको तेवढी क्रेडिटे वाट्याला आली.

रानजाई

नवीन सदस्य आहे, आणि माझा प्रश्न घाईचा आहे. मी सॅन होजेजवळ काम करते. राज्याचे प्रमाणपत्र ४० दिवसांनी संपते आहे. राज्याच्या मुदतीत माझी १७ क्रेडिटे झाली आहेत, त्यांत डिजिटलची एकही नाही. दुसरे म्हणजे, लग्नानंतर मी एआरआरटीकडे नाव बदलले, राज्याकडे जुनेच आहे. क्रेडिटांच्या प्रमाणपत्रांवर कुठे वडिलांचे नाव मधले म्हणून आले आहे, कुठे नवऱ्याचे, आणि एका ठिकाणी मधले नाव पहिल्या नावाला जोडून छापले आहे.

अबोली

रानजाई, ४० दिवस पुरेसे आहेत, घाबरू नका. उरलेल्या ७ पैकी पहिली ४ डिजिटल रेडिओग्राफीचीच निवडा. शीर्षकात डिजिटल हा शब्द असून भागत नाही, प्रमाणपत्रावर विषय स्पष्ट असावा. अभ्यासक्रम एआरआरटीने मान्य केलेल्या यंत्रणेकडून मंजूर झालेला आहे ना, ते पैसे भरण्याआधी पाहा. पूर्ण केल्याची तारीख प्रमाणपत्र संपण्याच्या आधीची हवी, म्हणून अखेरच्या दिवसापर्यंत थांबू नका. तुम्ही फ्लुरोस्कोपी, म्हणजे क्ष-किरणांची हलती चित्रे पाहण्याची तपासणी, करत असाल तर त्याचा परवाना वेगळा असतो, त्याचीही तारीख आणि अटी आजच पाहून घ्या.

नावाचा प्रश्न आपल्या लोकांत फार जणांना येतो, कारण आपले मधले नाव म्हणजे वडिलांचे किंवा नवऱ्याचे, हे इथल्या अर्जांना ठाऊक नसते. आधी राज्याकडे नाव बदलण्याची विनंती विवाह प्रमाणपत्राच्या प्रतीसह पाठवा आणि तिची प्रत ठेवा. नूतनीकरणाचा अर्ज त्यासाठी थांबवू नका. राज्याच्या नोंदीत आज जे नाव आहे त्याच नावाने तो भरा. जुन्या क्रेडिटांची प्रमाणपत्रे बदलून घेत बसण्याची गरज नाही. विवाह प्रमाणपत्राची एक प्रत त्याच फायलीत सर्वांत वर लावून ठेवा, म्हणजे कोणी कागद मागितले तर दोन नावांची माणसे एकच आहेत हे दिसेल. पुढच्या क्रेडिटांसाठी नाव नोंदवताना मात्र एआरआरटीच्या कार्डावर आहे तसेच, अक्षरही न बदलता लिहा.

रानजाई

विवाह प्रमाणपत्र मराठीत आहे, कोल्हापूरच्या नोंदणी कार्यालयाचे. त्याचे भाषांतर लागेल का?

कोयनाकाठ

इंग्रजी भाषांतर सोबत जोडाच, आणि ते भाषांतर करणाऱ्याने अचूक असल्याचे लिहून सही केलेले असू द्या. कोल्हापुरात घरचे कोणी असेल तर त्याच कार्यालयात इंग्रजी प्रत मिळते का, ते विचारून पाहा. मिळाली तर भाषांतराचे काम वाचेल. राज्याला पाठवताना मूळ प्रत देऊ नका, फक्त छायाप्रत द्या.

रानजाई

भाऊ सोमवारी कार्यालयात जाणार आहे. डिजिटलचे पहिले क्रेडिट आज रात्री करते.